पगार रियालात, घर मीरा रोडला

गेल्या महिन्यात दुकानात एक ओळखीचे कारागीर आले. एसी आणि फ्रीज दुरुस्तीचे काम करतात. भाईंदर पूर्वेला स्वतःचा छोटा गाळा आहे, नया नगरमध्ये वन रूम किचनचे घर आहे. घरात बायको, दोन मुले आणि वृद्ध आई. ते कापड घ्यायला आले नव्हते. दम्मामच्या एका कंपनीचे पत्र आले होते, महिना २,५०० रियाल. म्हणाले, "चाचा, गाळा विकून सगळ्यांनाच घेऊन जावे असे घरात चालले आहे. तुम्ही हिशेबाचे माणूस. काय करावे?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मीरा रोडच्या कुठल्याही इमारतीत चार दारे वाजवली तर एका घरातून कोणीतरी आखातात आहे, होता किंवा जायच्या तयारीत आहे. म्हणून त्यांच्याबरोबर बसून जो हिशेब केला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे. आकडे त्यांचे असले तरी पद्धत कोणालाही वापरता येईल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की येथे प्रश्न एक नसून दोन आहेत. कमावणाऱ्याने जावे काय, हा पहिला. कुटुंबाने बरोबर जावे काय, हा दुसरा. आपल्याकडे दोन्हींचे उत्तर एकाच बैठकीत देऊन टाकतात आणि पुढचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. सौदी अरबने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबावर शुल्क बसवले. सुरुवातीला ते माणशी महिना १०० रियाल होते. दरवर्षी १०० रियालने वाढत २०२० मध्ये ते ४०० वर गेले. बायको आणि दोन मुले म्हणजे तीन माणसे, महिना १,२०० रियाल, वर्षाचे १४,४००. २,५०० च्या पगारातून हे गेले की हातात १,३०० उरतात. त्यातून घरभाडे, शाळेची फी, किराणा आणि वीज. शिवाय विक्रीकर, जो २०१८ मध्ये ५ टक्के होता आणि जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. आईला नेण्याचा तर विचारच सोडावा लागतो. हे शुल्क इकाम्याबरोबर आगाऊ भरायचे असते. भरले नाही तर इकाम्याचे नूतनीकरण अडते. काही कंपन्या ते स्वतः भरतात, पण तसे करारात लिहिलेले असले पाहिजे, तोंडी भरवशावर राहू नये. शिवाय इकाम्यावर पेशा कोणता लिहिला आहे, यावरही कुटुंबाचा व्हिसा अवलंबून असतो. कागदावर साधा मजूर लिहिले असेल तर पगार कितीही असो, बायकोचा व्हिसा मिळणे कठीण.

अमिरातीत असे मासिक शुल्क नाही. तिथे महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा, एवढी कमाई असेल तर कुटुंब नेता येते. पण दुबईचे घरभाडे ज्याने भरले आहे त्याला विचारावे.

आता एक गोष्ट, जी व्यापाऱ्याच्या नजरेला दिसते पण घरात फारशी कोणी बोलत नाही. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.७५ रियाल. तो दर हललेला नाही. हलला तो आपला रुपया. १९९३ मध्ये डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, म्हणजे रियाल सव्वाआठ रुपयांच्या आसपास. आज रियाल २२ रुपयांच्या वर आहे. या घसरणीचा फायदा कोणाला? जो रियाल कमावून रुपयात घर चालवतो त्याला. ज्याचे घर रियालातच चालते, भाडे रियालात, फी रियालात, त्याला रुपया पडल्याचा छदामही फायदा नाही. शेजाऱ्याचा भाऊ वीस वर्षांपूर्वी गेला आणि त्याने इथे दोन घरे घेतली, हे खरे असेल. तो एकटा राहिला होता आणि पैसे इकडे पाठवत होता, हेही विचारून घ्यावे.

तेव्हा कुटुंबाचे जाणे त्यांच्या बाबतीत तिथेच निकालात निघाले. उरला पहिला प्रश्न.

एकट्याने गेल्यास कंपनी राहायला जागा देते. खाण्यापिण्याला ५०० आणि फोन, कपडे, आजारपण धरून २०० रियाल सोडले तर १,८०० उरतात. २२ च्या दराने ३९,६०० रुपये. पगारावर तिथे आयकर नाही. इकडे त्यांचा धंदा मदतनिसाचा पगार आणि विजेचे बिल जाऊन सरासरी २८,००० देतो. 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. एप्रिल, मे, जूनमध्ये रात्री दहापर्यंत फोन वाजतो आणि पाऊस लागला की माणूस गाळ्यात पेपर वाचत बसतो. त्यांचा इथला खाण्याचा आणि गाडीखर्चाचा भाग साधारण ४,००० धरला, तर तोही वाचेल. म्हणजे ४३,६०० विरुद्ध २८,०००. फरक महिना १५,६०० रुपयांचा, वर्षाचा १,८७,२००. त्यांच्या डोक्यात मात्र पंचावन्न हजार होते, कारण त्यांनी २,५०० ला सरळ २२ ने गुणले होते!

पावणेदोन लाखांवर ही रक्कम लहान नाही. हलाल कमाई आहे, घराला आधार आहे. पण या रकमेतून आधी जाण्याचा खर्च फेडायचा. दलालाने त्यांना दीड लाख सांगितले होते. आपल्या सरकारने नोंदणीकृत भरती एजंटाची फी ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये इतकीच ठरवली आहे आणि तिची पावती द्यावी लागते. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे भरतीचा खर्च, इकाम्याची व वर्क परमिटची फी आणि नोकरी संपल्यावर परतीचे तिकीट मालकाकडे असते. मग बाकीचे १,१४,६०० रुपये कशाचे? दलालाला हाच प्रश्न विचारायला सांगितले. एजंट खरा की खोटा हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' यादीत परवाना क्रमांक टाकून पाहता येते. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. आपल्याला ट्रेनने तासाभराचा रस्ता.

'आझाद व्हिसा' नावाचा माल बाजारात अजून विकला जातो. तो कायद्यात कुठेच नाही. व्हिसा एका कफीलच्या नावाचा असतो आणि काम दुसऱ्याकडे केले जाते. कफीलने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की माणूस एका रात्रीत बेकायदा होतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम शोधण्याचाही तोच प्रकार.

पासपोर्टच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट आहे. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो. १९८३ च्या कायद्याखाली आखातासह १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही बंधनकारक आहे. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, अधिक कर. दहावी पास माणसाला यातले काही लागत नाही आणि तो त्याला मान समजतो. प्रत्यक्षात त्याचा करार इथे कोणी सरकारी माणूस पाहतच नाही. आमचे हे कारागीर दहावी पास आहेत. म्हणून करार आपणच तपासला पाहिजे, हे त्यांना दोनदा सांगितले.

करार अरबी आणि इंग्रजीत असतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले लोक अरबी अक्षरे भराभर वाचतो आणि समजले असे वाटते. माझ्या हातून एकदा हे झाले आहे. भावाच्या करारात 'बदल सकन' असे शब्द होते. मी उर्दूच्या हिशेबाने त्यात जागा बदलण्याची अट शोधत बसलो. त्याचा अर्थ घरभाडे भत्ता! जाणकाराकडून वाचून घेण्यात कमीपणा नाही.

त्या करारात सर्वांत आधी मूळ पगार पाहावा. एजंट सांगतो तो एकूण आकडा आणि कागदावरचा मूळ पगार यांत पुष्कळ अंतर असू शकते. अमिरातीत नोकरीअखेरची रक्कम मूळ पगारावर काढतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार आणि पुढे ३० दिवसांचा. सौदीत पहिली पाच वर्षे वर्षाला अर्धा महिना आणि त्यानंतर पूर्ण महिना. चार वर्षांचा करार पुरा करून २,५०० वर सुटला तर ५,००० रियाल मिळतात. पण मध्येच स्वतः राजीनामा दिला तर सौदी कायदा कापतो. दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश. म्हणजे चार वर्षांनी घरच्या आठवणीने राजीनामा दिला तर ५,००० चे साधारण १,६६७ हातात येतात. आईच्या आजारपणात लोक बहुधा हेच करतात, म्हणून सुट्टीचे कलम नीट वाचावे.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक नेहमीची अडचण आहे, नावाची. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहं., पासपोर्टवर तिसरेच. शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कचेरीत वेगळे. पुढे कधी कुटुंबाला भेटीपुरते जरी बोलवायचे झाले तरी निकाहनामा पुरत नाही, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. सौदी २०२२ पासून अपोस्टिल मान्य करते, तेव्हा साक्षांकनाची धावपळ कमी झाली आहे, पण नावे जुळली पाहिजेत. हे काम जाण्याआधी करावे. बायकोच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावे. भाडे, वीज, सोसायटी, शाळा, बँक या कामांचे अधिकार तिला असावेत. भावाच्या नावे विक्रीचा अधिकार सहज देऊ नये, मग तो किती का सख्खा असेना. नोकरीसाठी गेल्यावर इथले साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते आणि तिकडून पैसे पाठवण्यासाठी एनआरई खाते उघडता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

हे सगळे बोलून झाल्यावर त्यांच्या आई म्हणाल्या, "पैशाचे ठीक आहे, पण इथे जीव घाबरतो." जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात झालेली हाणामारी आणि त्यानंतर गाळ्यांवर चाललेले बुलडोझर त्यांनी पाहिले होते. १९९२-९३ च्या दंगलीनंतर त्या मुंबई सोडून इकडे आल्या. मीरा रोडच्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. अशा माणसाला आकडे दाखवून गप्प करणे बरे नव्हे. एवढेच नम्रपणे सांगितले की सौदीचा इकामा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. तिथे वीस वर्षे राहिले तरी परत इथेच यायचे असते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा एअर इंडियाने १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांचे पैसे तिकडच्या बँकांत राहिले आणि भरपाईला वर्षे लागली. २०२० च्या साथीतही विमाने भरभरून लोक आले. ज्यांची घरे इथे होती ते घरी गेले.

कायमचे स्थायिक होणे हाच हेतू असेल तर देशही तसा पाहावा लागेल. जर्मनीने २०२४ मध्ये नागरिकत्वाची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कुशल कामगार पाठवण्याचा करार तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी केला. पण तिथे जर्मन भाषा आणि मान्यता मिळण्याजोगे प्रशिक्षण लागते. चाळिशीतल्या कारागिराला ते जड जाईल. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याने आयटीआय करावे आणि भाषेचा वर्ग लावावा असे मुलाच्या मामाचे म्हणणे पडले. मुलगा त्या वेळी क्रिकेटला गेला होता.

गाळा विकायचा नाही, एवढे त्या दिवशी घरात ठरले. मदतनीस मुलगा हुशार आहे. गाळा त्यालाच भाड्याने द्यायचा आणि जुन्या गिऱ्हाइकांची वही बायकोने सांभाळायची. वार्षिक देखभालीचे कंत्राट असलेल्या सोसायट्या एकदा दुसरीकडे गेल्या की परत येत नाहीत. परतल्यावर धंदा याच वहीवर उभा राहणार. दरम्यान सौदीसाठी लागणारी कौशल्य तपासणीची परीक्षा ते देऊन आले.

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर ते पुन्हा भेटले. कराराचा मसुदा आला आहे. त्यात मूळ पगार १,६०० रियाल आहे आणि उरलेले ९०० 'इतर भत्ते' म्हणून दाखवले आहेत, कशाचे ते लिहिलेले नाही. दलाल म्हणतो सही करा, तिकडे गेल्यावर पाहू. त्यांनी सही केलेली नाही. कंपनीला लेखी विचारले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहेत. तोवर गाळा चालू आहे.