काकवी का फसफसते?

शेतकरी बंधूंनो, घट्ट काकवी बरणीत टिकते, पण तीत पाणी शिरलं की फसफसते. कारण घरीच पाहा. तीन बाटल्यांत अर्धा-अर्धा कप कोमट पाणी (कढत नको, यीस्ट मरतं) व चमचाभर बेकरीचं यीस्ट घाला. पहिलीत साखर नको, दुसरीत दोन चमचे, तिसरीत कपभर. तोंडाला फुगे बांधा; हे काम पोरांना द्या. तासाभरात दुसरीचा फुगा चांगला फुगेल. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करतं. पहिलीत खायलाच नाही. तिसरीतला दाट पाक तर यीस्टच्याच अंगातलं पाणी ओढून घेतो. घट्ट काकवीतही तेच होतं. म्हणून काकवीत ओली पळी घालू नका. आणि फसफसली असेल तर झाकण आवळू नका. वायू कोंडून बरणी फुटते.