किनाऱ्यावरील गावे आणि सहलींचे वेळापत्रक

दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात आणि मे महिन्यात पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांतून सहलींच्या बसगाड्या कोकणाच्या वाटेला लागतात. कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरलेली असते. गणपतीपुळ्याचे दर्शन, रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा, पावसचे स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर, कुणकेश्वर, मालवणचा सिंधुदुर्ग, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि शेवटी गोवा. पाच दिवस, चार रात्री. या धावपळीत मालवणच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो आणि त्यातलाही बराचसा होडीच्या रांगेत जातो. किल्ला पाहून झाला, काजू आणि खाजा घेऊन झाला, की गाडी दक्षिणेकडे निघते. रात्रीचा मुक्काम गोव्यात असतो. मालवण पाहणे आणि मालवणात राहणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि या निराळेपणातच त्या गावाचे अर्थकारण गुंतलेले आहे.

अशा सहलींची टिंगल करण्याची एक सुशिक्षित प्रथा आपल्याकडे आहे. शिट्टी वाजली की बसमध्ये चढणारे, टोप्या घातलेले, फोटो काढून मोकळे होणारे प्रवासी हा विनोदी लेखांचा हुकमी विषय. पण ही टिंगल करणाऱ्यांपाशी बहुधा स्वतःची मोटार असते. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या मद्यपानविरोधी कार्यकर्त्याने इंग्लंडात लेस्टर ते लफबरो अशी सुमारे पाचशे माणसांची आगगाडीची सहल काढली आणि माणशी एक शिलिंग आकारला. ज्यांना एरवी गावाबाहेर पडणे परवडले नसते अशी माणसे त्या गाडीत होती. आपल्याकडेही प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेला, एकट्या राहणाऱ्या विधवेला, आयुष्यभर कचेरी आणि घर एवढेच अंतर तुडवलेल्या कारकुनाला समुद्र दाखवला तो या बसनेच. परक्या गावात खोली शोधणे, होडीवाल्याशी घासाघीस करणे, अपरात्री आजारी पडलो तर काय ही चिंता वाहणे, या सर्वांचे ओझे सहलीच्या भाड्यात उतरते. ते भाडे म्हणजे एका परीने विम्याचा हप्ताच होय. तेव्हा प्रश्न सामुदायिक सहल असावी की नसावी हा नाही.

प्रश्न तिच्या गणिताचा आहे. केवळ उदाहरणादाखल समजा, पंचेचाळीस आसनांच्या बसचे पाच दिवसांचे भाडे, चालक, पथकर आणि व्यवस्थापकाचे मानधन मिळून १,३५,००० रुपये होतात. सर्व आसने भरली तर माणशी ३,००० रुपये पडतात. सत्तावीसच भरली तर ५,०००. बस सुटण्यापूर्वीच हा खर्च पक्का झालेला असतो, म्हणून आयोजकाचा सारा जीव आसने भरण्यात गुंतलेला असतो. आसने भरतात ती जाहिरातीने, आणि जाहिरातीत मोजली जातात ती स्थळे. गाडी एकदा रस्त्याला लागली की वाटेतले आणखी एक मंदिर किंवा आणखी एक पुळण जोडण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो; छापील पत्रकात मात्र एक नाव वाढते. परिणामी स्थळांची यादी लांबत जाते. दिवसाचे तास कोणत्याही स्पर्धेने लांबत नाहीत. प्रत्येक स्थळी किती वेळ मिळेल याचा रकाना पत्रकात क्वचितच असतो, आणि गिऱ्हाईकही तो विचारीत नाही.

यात सिंधुदुर्गासारख्या वास्तूचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधून घेतलेला हा जलदुर्ग सुमारे ४८ एकरांवर पसरलेला आहे. भर समुद्रात, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. होडी परतीसाठी साधारणपणे तासाभराची मुदत देते. तेवढ्यात तटावरून फेरी होत नाही, विहिरींचे नवल नीट कळत नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर पन्नास माणसे मिळून रापण ओढतात ते तर सहलीच्या प्रवाशाला दिसणारच नाही, कारण पहाटे तो मालवणात नसतो.

आता गावाच्या बाजूने हिशेब मांडावा. दिवसाउजेडी येऊन जाणारी बस गावात काय ठेवते? होडीचे भाडे, शहाळी, थोडी खरेदी. यात्रा कंपन्यांचा तर आचारी आणि शिधा बरोबर नेण्याचा जुना रिवाज आहे. सुरमई आणि सोलकढीच्या गावात पुण्याहून नेलेल्या पिठाच्या पुऱ्या तळल्या जाव्यात, हा चमत्कारही अधूनमधून घडतो. खरेदी कोणत्या दुकानी करायची हेही पुष्कळदा गाडी कोठे थांबते त्यावर ठरते, आणि गाडी जेथे थांबते तेथे अडत कापली जाते हा पर्यटनव्यवसायातला सर्वत्रचा प्रघात आहे. याउलट जो रात्री राहतो तो खोलीचे भाडे देतो, दोन वेळचे जेवण आणि सकाळची न्याहारी घेतो, रिक्षाने फिरतो, संध्याकाळी बाजारात निरुद्देश हिंडतो. यातला मोठा वाटा घर चालविणाऱ्या बाईच्या, मासळी विकणारणीच्या, रिक्षावाल्याच्या हाती जातो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना याच विचाराने आखलेली आहे.

खर्चाची बाजू मात्र दोन्ही पाहुण्यांच्या बाबतीत फारशी निराळी नाही. अर्धा दिवस थांबणाऱ्यालाही पाणी लागते, शौचालय लागते. त्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मागे राहतात. मालवणची जुनी बाजारपेठ अरुंद आहे, तिच्या तोंडाशी दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की व्यवहार थांबतो. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. त्यामुळे आपल्या मासेमारीवर बंधने येतील ही धास्ती तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे बोलून दाखवली आहे. ज्याने जाळे कोठे टाकावे यावर सरकारचे लक्ष, त्याच्याच किनाऱ्यावर गर्दी किती व्हावी याचा विचार कोणी करू नये, ही विसंगती त्याला खटकली तर त्यात नवल नाही.

मग या बसगाड्या मालवणात मुक्काम का करीत नाहीत? आयोजक दुष्ट आहेत म्हणून नव्हे. पंचेचाळीस माणसांना एकाच आवारात वीस-बावीस खोल्या हव्यात, बस उभी करायला मोकळी जागा हवी आणि एका सादेत सर्वांना चहा मिळायला हवा. घरगुती निवासात चार किंवा पाच खोल्या असतात. मोठ्या बसचा आकार आणि कोकणातल्या घराचा आकार यांचे जमत नाही. यावर दोन उपाय संभवतात. एकतर बस लहान व्हावी. सतरा आसनी गाड्या या मार्गावर धावू लागल्या आहेत, पण त्यांचे माणशी भाडे अधिक पडते आणि तो भार नेमका ज्या वर्गासाठी सामुदायिक सहल जन्मली त्याच्यावर पडतो. दुसरा उपाय घरांनी एकत्र येण्याचा. पाच-सहा घरे मिळून एक नोंदणी, एक दर, एक जबाबदार माणूस आणि गावाबाहेर नगरपरिषदेचा वाहनतळ, एवढे झाले तर आयोजकाला बावीस खोल्या एका दूरध्वनीवर मिळू शकतात. सहकाराचा एवढा गाजावाजा करणाऱ्या महाराष्ट्रात हे अशक्य वाटू नये. साखरेसाठी जे जमले ते खाटांसाठी का जमू नये?

परदेशांतही हा पेच नवा नाही. व्हेनिस शहराने २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशाकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षी वाटाड्याबरोबरच्या गटांवर पंचवीस माणसांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांना बंदी केली. शुल्कामुळे गर्दी हटली असे म्हणण्याजोगे काही घडलेले नाही, आणि पाच युरोंनी ती हटेल अशी अपेक्षाही भाबडीच होती. त्या योजनेतील खरा लक्षणीय भाग वेगळा आहे : जो शहरात रात्री राहतो त्याला हे शुल्क माफ आहे, कारण तो निवासाबरोबर वेगळा कर भरतोच. पाहुणा आणि वाटसरू यांत नगरपालिकेने भेद केला. आपल्याकडे माथेरान आणि महाबळेश्वर येथे प्रवासी कराची पद्धत जुनीच आहे. मालवणात प्रत्येक माणसाकडून पैसे उकळण्याऐवजी त्याच दिवशी परतणाऱ्या मोठ्या बसवर कर बसवावा, मुक्कामाची पावती दाखवणाऱ्या बसला तो माफ करावा, आणि जमा रक्कम थेट नगरपरिषदेच्या पाणी व स्वच्छतेच्या खात्यात जावी. माणशी विभागला तर हा बोजा चहाच्या दोन पेल्यांएवढा ठेवता येईल. आयोजकाच्या कोष्टकात मात्र मुक्कामाचे पारडे थोडे जड होईल.

या वृत्तपत्राच्या अनेक वाचकांशी ज्या गोष्टीचा प्रत्यक्ष संबंध येतो ती म्हणजे रजा प्रवास सवलत. केंद्रीय कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या गटात मिळणारी ही सवलत प्रवासभाड्याची असते; राहण्याजेवण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. राज्य शासनाची महाराष्ट्र दर्शनाची सवलतही भाड्याचाच विचार करते. म्हणजे सरकार अंतराला पैसे देते, मुक्कामाला देत नाही. जो जितका लांब जाईल आणि जितका कमी थांबेल, त्याला तितका लाभ अधिक. हा नियम अचल आहे असेही नाही. २०२० च्या ऑक्टोबरात, महामारीमुळे प्रवास ठप्प असताना, केंद्राने याच सवलतीच्या बदल्यात कर्मचाऱ्यांना वस्तू आणि सेवा खरेदी करण्याची मुभा दिली होती. प्रवास न करताही ज्या सवलतीचा फायदा देता आला, तिच्यातून नोंदणीकृत घरगुती निवासाच्या दोन रात्रींचे भाडे देणे राज्य शासनाला जड जाऊ नये.

राहता राहिला हंगाम. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंद असतात, मासेमारीवरही पावसाळी बंदी असते आणि मालवणातील खाटा रिकाम्या पडतात. सहलींच्या यादीतून मालवण त्या महिन्यांत गळते, कारण यादीत मालवण म्हणजे किल्ला. पण पावसातला तो किनारा, तेथील दशावताराची मंडळी, भातलावणीने हिरवी झालेली कुणकेश्वरची वाट, यांना होडी लागत नाही. निवृत्त माणसांना सुट्टीचे बंधन नसते आणि त्या काळात खोल्यांचे दरही खाली आणता येतात. श्रावणातील एखाद्या मंगळवारी मालवणात तीन रात्री राहणारी बस कोणी आयोजक काढून पाहील काय, आणि तिची पंचेचाळीस आसने भरतील काय, हे अद्याप पुरेसे अजमावले गेलेले नाही.