कुंकू कुठे गेले?
जुन्या स्टुडिओ-छायाचित्रांचे वाचन

त्वचेवरील उंचवटा पाहावयाचा असल्यास आपण टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपा धरतो. समोरच्या प्रकाशात सपाट भासणारी त्वचा तिरप्या प्रकाशात आपले चढउतार सांगू लागते. विद्यार्थिदशेत शिकलेली ही साधी गोष्ट जुन्या स्टुडिओतील छायाचित्रकारालाही पक्की ठाऊक होती. आपण ती दोष शोधण्यासाठी वापरतो, तो बहुधा दोष झाकण्यासाठी वापरीत असे.

आपल्या व्यवसायाचे छायाचित्रणाशी असलेले नाते तसे जुनेच आहे. मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांपैकी नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत.

आमच्या तिरोडीला हा छंद परवडण्याजोगा नव्हता. मँगनीजच्या खाणी आणि तुमसरहून येणारी रेल्वे एवढेच गावाचे वैभव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच आमची राजधानी असल्याने लग्न ठरले किंवा नोकरी लागली, की आमच्या घरची माणसे गाडीने तुमसरला अथवा नागपूरला जाऊन फोटो काढून घेत. आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. म्हणून त्या एका फोटोवरून घराने काढलेला अर्थ पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि तो चुकीचा असला तरी टिकतो.

आमच्या घरातील उदाहरण देतो. माझ्या चुलत आजीचा छातीपर्यंतचा एक फोटो वर्षानुवर्षे ट्रंकेच्या तळाशी होता. पदर गळ्याभोवती घट्ट, त्यामुळे मंगळसूत्र दिसत नाही. आणि कपाळ मोकळे. आजोबा गेल्यानंतर तिने हौसेने फोटो काढून घेतला असा समज घरात रुजला. त्या काळी विधवेने असे करणे म्हणजे काय, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. आजोबांची तसबीर भिंतीवर लागली, तिची लागली नाही.

असा फोटो वाचताना प्रथम डोळे पाहावेत. तिरळेपणा तपासताना आपण बुबुळावरील प्रकाशबिंदू पाहतो, तोच येथेही उपयोगी पडतो. भिंगातून तो बिंदू चौकोनी दिसला तर प्रकाश बहुधा खिडकीचा किंवा काचेच्या छताचा. गोल असेल तर दिव्याचा. घड्याळाच्या तबकडीवर तो दहा वाजता आहे की दोन वाजता, यावरून दिवा कोणत्या बाजूस आणि किती उंच होता हे कळते. मुख्य दिवा साधारण ४५ अंश बाजूला व वर असला, की पलीकडच्या गालावर उजेडाचा लहान त्रिकोण पडतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. दिवा नेमका समोर आणि उंच असेल तर नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते, गालफडे उठून दिसतात आणि त्वचा मात्र गुळगुळीत होते. आजीच्या डोळ्यांतील बिंदू गोल आहेत. नाकाखालची सावलीही आहे. म्हणजे दिवा समोरचा.

आता फिल्मकडे वळू. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना व फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. (म्हणूनच त्या तांबड्या दिव्याखाली धुता येत, आपल्या एक्स-रे विभागातील डार्करूम ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे सहज पटेल.) अशा फोटोत कुंकू काळेकुट्ट येते, ओठही काळपट येतात. पुढे आलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग टिपणारी. तिच्यापुढे साधा विजेचा दिवा ठेवा. या दिव्याच्या प्रकाशात तांबड्या किरणांचे प्रमाण मोठे असते. लाल कुंकू ते किरण भरपूर परतवते, आपली गव्हाळ त्वचाही परतवते. दोहोंच्या करड्या छटा जवळजवळ सारख्या होतात आणि कपाळावरचे ठसठशीत कुंकू फोटोतून नाहीसे होते! एकाच बाईचे, एकाच दिवशी, दोन फिल्मवर फोटो काढले तर एकीत ती सुवासिनी दिसेल, दुसरीत दिसणार नाही.

सुदैवाने फोटोसोबत पाकिटात निगेटिव्ह होती. डिजिटल एक्स-रे आल्यापासून माझा व्ह्यू बॉक्स भिंतीवर नुसताच टांगलेला आहे. त्यावर ती लावली. भुवयांच्या मध्यभागी एक अगदी फिकट गोल, आणि त्याच्या वरच्या कडेला एक बारीक चकाकी. कुंकवाखाली मेण लावण्याची रीत आठवली, की ही चकाकी कशाची ते उमगते. कागदावरच्या प्रतीत यांपैकी काहीच उतरलेले नव्हते.

निगेटिव्ह तिरपी धरून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही गालांवर पेन्सिलीच्या सूक्ष्म रेघांची दाट जाळी होती. हे रिटचिंग. फिल्मवर राळेचा पातळ थर देऊन टोकदार पेन्सिलीने खड्डे भरीत. पेन्सिल लागली तेथे प्रतीत उजळ येते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. त्याआधीच्या काळात गालावरचे व्रण भरून देणे हे स्टुडिओतील नित्याचे काम होते. आजीला देवी येऊन गेल्या होत्या हे घरात कुणीही कधी बोलले नव्हते. ज्या कारागिराने तिचे व्रण इतक्या निगुतीने मिटवले, त्याला तिचे कुंकू मात्र प्रतीवर शाईने रेखाटावेसे वाटले नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

घरात यावर बरीच चर्चा झाली. माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याने व्ह्यू बॉक्सपाशी खुर्ची ओढून घेतली, बराच वेळ पाहिले आणि “म्हणजे काकू सवाष्णच होती की,” एवढेच म्हणाली. तसबीर आता आजोबांच्या शेजारी आहे.

डॉक्टर मित्रांना विनंती एवढीच, की जुन्या एक्स-रे फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारात देताना घरच्या निगेटिव्ह त्यांत जाऊ देऊ नयेत. चांदी त्यांतही असते, पण अगदी थोडी. फिल्म कडांनीच धरावी, प्लॅस्टिकऐवजी आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि थंड, कोरड्या जागी ठेवावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल तर ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजावे, ती फिल्म इतरांपासून वेगळी करावी आणि लवकरात लवकर तिची प्रत काढून घ्यावी. व्ह्यू बॉक्सवर ठेवून चांगल्या कॅमेऱ्याने घेतलेली प्रतही चालते. मात्र खोलीतले बाकी दिवे तेवढे बंद करावेत.