गिटारची घोडी थोडी मागे का बसवतात?

मंडळी, सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर जरा हलला तर वादक पडदा सरकवतो. गिटारला ती सोय नाही. तिचे पडदे, म्हणजे फ्रेट, फिंगरबोर्डमध्ये खाचा पाडून पक्के बसवलेले. आणि ब्रिज, आपण त्याला घोडी म्हणू, तीही चिकटवलेली. म्हणून हाताने गिटार घडवणाऱ्याला सुरांचा हिशेब आधीच करावा लागतो.

आधी फिंगरबोर्ड बघू. समजा तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे. सप्तकाच्या १२ सारख्या पायऱ्या करायच्या, तर लांबीला १७.८१७ ने भागायचं. उत्तर येतं साधारण ३६.५, नटपासून तेवढ्यावर पहिली खाच. उरलेल्या ६१३.५ ला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरी खाच तिथून ३४.४ वर. असं करत बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३२५ वर येतो.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली ल्यूट या वाद्यासाठी १८ ने भागायला सांगितलं होतं. आपल्या ६५० च्या तारेवर तसं केलं, तर बारावा पडदा निम्म्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. म्हणजे सूर उतरायला हवा. पण बोटाने दाबली की तार ताणली जाते आणि सूर चढतो! त्यामुळे ती चूक थोडी झाकली जायची.

आपला भागाकार अचूक आहे, त्यामुळे चढलेला सूर उघडा पडतो. त्यावर उपाय घोडीत आहे. पडदे जागेवर ठेवून घोडी जरा मागे घ्यायची. स्टीलच्या तारांत बारीक तारेला साधारण दोन मिलिमीटर, जाड तारेला त्याहून जास्त. म्हणून घोडीवरची हाडाची पट्टी तिरकी असते.

ही पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. तिची वरची कड घासून अगदी थोडा फरक काढता येतो. घोडीच चुकीच्या जागी चिकटली तर कानस कामाची नाही. शिवाय स्टीलच्या सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोच्या आसपास असते, आणि खालची फळी तीन मिलिमीटरचीही नसते. म्हणून घोडीचा तळ फळीच्या हलक्या फुगवट्याला जुळवतात आणि तेवढ्या जागेवरचं पॉलिश खरवडून कोऱ्या लाकडावर ती चिकटवतात. लाकूड कठीण हवं, एबनी किंवा आपल्या पश्चिम घाटात वाढणारा शिसव. पण घोडी जड झाली तर फळी मोकळी कंप पावत नाही.

श्रोत्यांतून प्रश्न: विकत घेताना हे कसं ओळखायचं?

सोपं आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा. मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा आला तर घोडीकडची लांबी कमी पडली; उतरला तर जास्त झाली. सहाही तारा तपासा, मगच पैसे द्या.