कासात उतरतं कोण?

चारोटी नाक्यावर उभं राहिलं की धंद्याला आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, त्याला आडवा छेदणारा डहाणू-जव्हार रस्ता आणि रात्रंदिवस न तुटणारी कंटेनरांची रांग. इथून जव्हारच्या अंगाला वळलं की थोड्याच अंतरावर कासा. दुकानांच्या एका साखळीसाठी जागा हेरणारा एक तरुण तिथे पाहणीला निघाला होता, त्याच्याबरोबर मीही गेलो. या गावात दुकान टाकलं तर चालेल का, एवढंच त्याने कंपनीला कळवायचं असतं. त्यासाठी छापील तक्ता असतो, रकाने असतात आणि शेवटी शंभरपैकी गुण.

त्याच्याजवळ माणसं मोजायचं बटणाचं यंत्र होतं. एक माणूस गेला की एकदा अंगठा दाबायचा. नाक्यावर मात्र त्याने ते खिशातून बाहेरच काढलं नाही. “या गाड्या सुरतच्या आणि भिवंडीच्या. कासाचं यात काय आहे?” म्हणाला. वाहनांच्या आकड्यावर भुलून महामार्गाला लागून उघडलेली आणि वर्षभरात शटर पडलेली दुकानं त्याने पुष्कळ पाहिली होती.

बाजारात जिथे जीप आणि रिक्षा रिकाम्या होतात, तिथे समोरच्या ओट्यावर त्याने बैठक मारली. उतरणाऱ्या प्रत्येकामागे अंगठा दाबत होता, पण नजर लोकांच्या हातांवर. येताना रिकामी पिशवी आणि जाताना भरलेली, हे खरं गिऱ्हाईक. येताना फाइल असेल तर माणूस उपजिल्हा रुग्णालयात किंवा बँकेत चाललेला. त्यालाही अर्धं गिऱ्हाईक धरायचं, कारण रुग्णालयात आलेल्या माणसाबरोबर दोघं तरी येतात आणि त्यांना चहा, वडापाव, बिस्किटं लागतातच. मी विचारलं, पोरांचं काय? पोरं मोजायची, पण वेगळी. खाऊच्या मांडणीची उंची त्यांच्यावरून ठरते.

ग्राहक सेवा केंद्रासमोर बायकांची रांग होती. ऑगस्ट २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार खात्यात येऊ लागले आणि गावोगावच्या बाजारात पैसे फिरण्याच्या तारखाच बदलल्या. अंगठा लावून पैसे घेतलेली एक बाई बाहेर पडली. आधी मोबाइलच्या दुकानात शिरली, मग मुलाच्या चपला पाहिल्या, भाव विचारून खाली ठेवल्या. शेवटी सुक्या बोंबलाचा वाटा घेतला, तोही दुकानदारिणीकडून मूठभर जास्त घालून घेत. तरुणाने वहीत लिहिलं: चपला, दर जास्त. बोंबलाबद्दल काही लिहिलं नाही. साखळी दुकानं सुकी मासळी ठेवत नाहीत. मला विचाराल तर कासाच्या अर्थव्यवस्थेतला एक मोठा भाग तिथेच त्यांच्या हातून निसटतो.

मग किराणा दुकान. “शेठ, तेलाचे डबे किती जातात महिन्याला?”

“डबा हॉटेलवाला नेतो. घरचं गिऱ्हाईक पाऊच नेतं, तेही लहान.”

पुढे तो विक्री विचारत बसला नाही. फळीवर धूळ कुठल्या मालावर आहे, हे पाहत गेला. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारातच, बाटल्या मागे. पाच रुपयांचं बिस्कीट हाताशी, महागडं वरच्या फळीवर. उधारीचं विचारल्यावर मात्र शेठ हसले. “भाऊ, हे होळीला येऊन विचारा.”

या एका वाक्यात अख्ख्या तक्त्याची गोची आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की डहाणू-तलासरीतली आदिवासी कुटुंबं उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. काही पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तलासरीच्या बाजूचे रोज सकाळी भिलाड, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांकडे धावतात. होळीला माणसं घरी येतात, पैसाही येतो आणि उधारीची वही हलकी होते. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, त्याच सुमारास लग्नं निघतात. मग पावसाच्या तोंडावर ताडपत्री, बियाणं, खत, साठवणीची मासळी. आणि भात लावून झालं की पुन्हा हात आखडता. कुठल्याही एका आठवड्यात बटण दाबून काढलेल्या आकड्यावरून कासा ओळखता येणं कठीणच. तक्त्यात वाराचा रकाना आहे, महिन्याचा नाही.

मोठमोठ्या संस्थांचंही याहून वेगळं नसतं. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत २०१५च्या अहवालातल्या १४२व्या क्रमांकावरून २०२०च्या अहवालात ६३वर आला. केवढा गाजावाजा झाला! पण भारताचे ते गुण फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून काढलेले होते. पुढे आकडेवारीतल्या गैरप्रकारांची चौकशी झाली आणि सप्टेंबर २०२१मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या कासातल्या दुकानदाराला ना क्रमांक चढल्याचं कळलं, ना यादी बुडाल्याचं.

दुपारी जागेचा विषय निघाला. एक गाळा त्याला पसंत पडला, शटर रुंद, वीज थ्री-फेज. पण सातबारा आदिवासी खातेदाराच्या नावे. कंपनीला भाडेकरार नऊ वर्षांचा लागतो. जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ सांगतं की, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी आणि त्यापुढे सरकारचीही मान्यता. तक्त्यात याची नोंद ‘अडथळा’ म्हणून होते. मला ती नोंद खटकली. १९४५ साली तलासरी तालुक्यातल्या झरीला वारल्यांची सभा भरली आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला, तो सावकार-जमीनदारांनी जमिनी गिळल्या होत्या म्हणूनच. कलम ३६ अ आणणारी १९७४ची दुरुस्ती त्याच अनुभवातून आलेली आहे. व्यापार इथे नवा नाही आणि लोकांनी त्याची किंमतही मोजलेली आहे.

दुसरी गोष्ट बंदराची. चहाच्या टपरीवर दोन जण जमिनीचा ‘पोर्टचा भाव’ सांगून गेले. कासा ज्यात येतं तो डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा आली. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, त्याने १९९८मध्ये इथल्या किनाऱ्यावरचं नियोजित वाढवण बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने २०२३मध्ये, धर्माधिकारी गेल्यानंतर, अटींसह ते मान्य केलं. ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये झालं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही.

तक्त्यात ‘आगामी प्रकल्प’ला दहा गुण होते. तरुणाने दोन दिले. “पोर्टचे मार्क पोर्ट झाल्यावर,” म्हणाला. मला त्याचा हिशेब पटला. सूर्या नदीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. धरण इथलं, पण रोजचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्याची योजना आखली गेली. जवळून काही तरी मोठं जातंय म्हणजे ते आपल्याकडे थांबेलच, असं नाही.

संध्याकाळी त्याने बेरीज केली. गुण काठावरचे. ‘शेरा’ या चिमुकल्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं: दुकान लहान ठेवावं, फाल्गुनात उघडावं, बाटल्यांऐवजी पुड्या.

निघताना किराणावाले शेठ तक्ता बघायला मागू लागले. “आमच्यासारख्यांचं काय लिहिलंत?” त्याने पान उलटून दाखवलं. ‘स्थानिक स्पर्धा: मध्यम.’ शेठनी चष्मा चढवून ते वाचलं, गल्ल्यातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. “मध्यम खोडा. जोरदार लिहा.”

त्याने लिहिलं.