स्तंभ सरळ उभा करताना

नगर रोडने पुण्याहून आलं की विजयस्तंभ भीमेच्या पुलाअलीकडेच लागतो. सगळे कोरेगाव भीमा म्हणत असले तरी जागा पेरण्याच्या हद्दीत, नदीच्या या तीरावर. गाव पलीकडे. पहिल्यांदा फोटो काढायला गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं, आणि आधी पूल ओलांडून गावात चांगला अर्धा तास फिरलो.

त्या दिवशीचे फोटो आजही दाखवायची लाज वाटते. वाइड लेन्स लावली, पायथ्याशी उभा राहिलो, कॅमेरा वर केला. अख्खा स्तंभ आला, पण मागे कलंडलेला, आता पडतोय की काय असा. निमुळत्या खांबाला ही शिक्षा दुप्पट होते. एक तर तो मुळातच वर बारीक होत जातो, त्यात लेन्स आणखी चेपते. उपाय एकच: मागे सरकायचं आणि कॅमेरा क्षितिजाला समांतर ठेवायचा. मागे सरकलं की विजेच्या तारा येतात, होर्डिंग येतं. मग दोन पावलं डावीकडे, एक पुढे. तासभर हाच खेळ.

दुसरं भांडण रंगाशी. काळा दगड आणि मागे पांढुरकं आभाळ. कॅमेऱ्याला काळेपणा सहन होत नाही, तो दगड राखाडी करून टाकतो आणि आभाळ धुऊन काढतो. मी एक्स्पोजर एक-दीड पायरी खाली घेतो. दगड दगडासारखा दिसला पाहिजे.

१ जानेवारीला मात्र ही सगळी कारागिरी खिशात ठेवावी लागते. १ जानेवारी १८१८ ला इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीची, जिच्यात महार सैनिक होते, पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर लढाई झाली; हा स्तंभ तिच्याच आठवणीचा. १९२७ च्या त्याच तारखेला डॉ. आंबेडकर इथे आले. तेव्हापासून हा दिवस लष्करी इतिहासापुरता उरलेला नाही. गर्दीत ट्रायपॉडचा पाय टेकायला जागा नसते. एकदा एका आजीने बाही ओढली. ‘‘बाळा, एक काढ की. पर खांब सगळा आला पायजे बघ.’’ आजींना खांबाला खेटून उभं राहायचं होतं. तसं उभं केलं तर खांब तरी कापला जातो, नाहीतर आजी मुंगीएवढ्या होतात. शेजारच्या पोरांनी मला शहाणं केलं. त्यांनी आजींना खांबापासून लांब, माझ्या जवळ आणून उभं केलं आणि मला म्हणाले, ‘‘काका, खाली बसा.’’ बसलो. निळं लुगडं पुढे, खांब मागे, दोघंही पुरे आले.

महार रेजिमेंटच्या चिन्हावर पूर्वी हाच स्तंभ होता. बिल्ल्यावर तो बोटाच्या पेराएवढा, तरी ओळखू येणारा. रेखाटणाऱ्याला तारा, गर्दी, आभाळ काहीच आड आलं नसेल, याचा मला हेवा वाटतो.

खरं काम खालच्या शिलालेखांचं, आणि त्यासाठी आडवार गाठावा. लेख इंग्रजीतही आहेत, मराठीतही. ऊन थेट पडलं की लेखांच्या पाट्यांचा संगमरवर चकाकतो, अक्षरं पुसल्यासारखी होतात, आणि पाटीत माझीच सावली उमटते. म्हणून सावलीतली बाजू आधी, उन्हातली नंतर. कॅमेरा पाटीच्या बरोबर समोर हवा. जरा तिरका झाला तर एका कडेची नावं धूसर होतात.

त्या लढाईत कंपनीच्या बाजूने मारल्या गेलेल्यांच्या ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची. शेवटी ‘नाक’ येणारी ती नावं शोधतच लोक पाटीपाशी थांबतात. परवा मी फाइल तपासत होतो तर मागून एक गृहस्थ डोकावले. ‘‘मोठं करून दाखवता का जरा?’’ मी स्क्रीनवर पाटी वाढवली. ते चष्मा वर करून हळूहळू वाचू लागले. खालच्या ओळीपाशी अडले. तो कोपरा धूसर आला होता. मी ट्रायपॉड पुन्हा उघडला.