वापशाचा दिवस आणि दवाखान्याची रांग



मृगाचा पाऊस होऊन रानात वापसा आला की एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. अशाच एका दिवशी उणकलचे आमच्या ओळखीचे एक आजोबा क्षयाच्या गोळ्या आणावयास शहरातल्या एका दवाखान्यात गेले. दोन तास चुकीच्या रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या कारकुनाने "अज्जा, इथे नव्हे, पलीकडे" म्हणून हाकलले, आणि पलीकडे पोचेपर्यंत ती खिडकी बंद! डॉक्टरांची गाठ पडलीच नाही. आजोबा पुन्हा गेले नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा गोळ्या बंद होऊन दहा दिवस झाले होते. खोकला थांबला, म्हणून आपण बरे झालो असे त्यांनी धरले होते. साधा क्षय सहा महिने नेमाने औषध घेतल्यास बरा होतो. मध्येच सोडला तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो, आणि मग तसलाच क्षय घरातल्या नातवंडांना लागण्याची भीती.

डॉक्टरांना याची वार्ताही नव्हती. दारातून कोण परत फिरले हे शिपायाला ठाऊक असते, झाडणाऱ्या बाईला ठाऊक असते; पण त्यांना विचारतो कोण?

विचारणारे एक जोडपे मराठी मुलखात होऊन गेले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठविल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत आणि डॉक्टरांबरोबर एकत्र बसत. कोणती गरोदर बाई उपाशी राहते, कोण लाजेने कुष्ठरोग लपवितो, हे त्यांच्याकडून कळे. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली व डॉक्टर २०११ साली वारले.

ही हकिकत आम्ही त्या दवाखान्याच्या डॉक्टरांच्या कानी घातली. भले गृहस्थ, रागावले नाहीत. शनिवारी दुपारी त्यांनी कारकुनापासून आयाबाईपर्यंत सर्वांना चहाला बसविले. (पहिल्या शनिवारी कोणी तोंडच उघडले नाही म्हणे!) दुसऱ्या खेपेस आयाबाई म्हणाली, पाटी फार उंच आहे, म्हाताऱ्यांना दिसत नाही. कारकून म्हणाला, एकट्याला दोन खिडक्या सांभाळाव्या लागतात, म्हणून तोंड सुटते. आम्ही उगाच त्याच्यावर रागावलो होतो. पाटी खाली आली. गोळ्यांची खिडकी सकाळी आठला वेगळी उघडू लागली. कोणी गोळ्या न्यायला आले नाही तर दुसऱ्या दिवशी घरी निरोप जातो.

सरकारी दवाखान्यांना आरोग्य रक्षा समिती असते. आपल्याकडचे सभासद कोण, ते विचारून ठेवावे.

आजोबांना तपासून डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केले. परवा ते आठला खिडकीवर गेले आणि दहाच्या आत कोळपणीला रानात हजर होते.